पूर येण्याआधी गल्लीतल्या कुत्र्यांचं काय करायचं?

शुक्रवारपेठी | सोमवार, रात्री १०.१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं फक्त रश्श्याच्या धाग्यावर भांडायला येतो, पण आज विषय वेगळा आहे. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आमची गल्ली कोल्हापुरात, नदीकडच्या उताराला. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्यातली पोरं पाढ्यांच्या आधी शिकतात. पाणी समोरून येत नाही, आधी गटारीतनं उलटं वर येतं. चेंबरचं झाकण वाजायला लागलं की आम्ही गाद्या माळ्यावर टाकतो, सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधतो आणि पाहुण्यांकडं जातो. २०१९ ला तेच, २०२१ ला तेच. माणसं गेली, गाड्या गेल्या, एकाचा मिक्सरसुद्धा टेम्पोत बसून राजारामपुरीला गेला. गल्लीतली कुत्री तेवढी राहिली.

२०१९ ला बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर पाणी गेलं होतं. ओसरल्यावर आम्ही खराटे घेऊन परत आलो, तर समोरच्या वाड्याच्या दगडी जिन्यात तांबड्या बसलेला. भिंतीवरची चिखलाची रेघ आठव्या पायरीला, तांबड्या नवव्या पायरीला. किती दिवस बसला होता कुणास ठाऊक. भुंकला नाही, शेपूट हलवली नाही. मी डब्यातली चपाती पुढं केली तर चपातीकडं न बघता माझी चिखलानं भरलेली चप्पल चाटत बसला. बाकीच्या तिघांचं काय झालं ते गल्लीत कुणी कुणाला विचारलं नाही.

आता पाच आहेत. तांबड्या म्हातारा झालाय, मागच्या पायांत जोर नाही. काळ्या. दोन तरणी, ज्यांची नावं दर घरात वेगळी आहेत (आमच्या घरचा शेरू तोच कोपऱ्यावरच्या घरचा टायगर, आणि तो दोन्हीकडं जेवतो). आणि पांढरी. तिला आठ दिवसांपूर्वी चार पिल्लं झालीत, आक्कांच्या जिन्याखाली.

आक्का सत्तरीच्या, एकट्या राहतात, लेक बेंगळुरूला. रोज संध्याकाळी स्वतःपुरत्या भाकरीला दोन जास्त थापतात. २०२१ ला बोट दारात आली तरी 'हिला सोडून येत नाही' म्हणून जिन्यात बसून राहिल्या होत्या. शेवटी तालमीच्या पोरांनी पांढरीला पोत्यात घालून बोटीत घेतली, तेव्हा उतरल्या. बोट अर्धा तास खोळंबली आणि मागं दोन घरं वाट बघत होती. त्यावरून झालेली बोलाचाली अजून मिटलेली नाही.

आता नवीन भांडण. पिल्लं झाल्यापासून पांढरी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या अंगावर जाते. तळमजल्यावरच्या वहिनींचा मुलगा शाळेला जाताना पडला, गुडघा फुटला. चावली नाही, पण पोरगं घाबरलं. वहिनींनी ग्रुपवर लिहिलं की गाडी बोलवा आणि सगळी उचलून न्या. आक्कांच्या बाजूनं तिघं, वहिनींच्या बाजूनं सहा, आणि 'सुप्रभात' टाकणारे काका दोन्ही बाजूंनी. दोघांनी ग्रुप सोडला.

पावसाळा तोंडावर आलाय. पाणी यायच्या आधी ह्यांना न्यायचं कुठं, कसं, आणि गल्लीत डोकी न फुटता हे करायचं कसं? तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

दूधकट्टा | सोमवार, रात्री १०.५५

गंगावेशीत आमच्या म्हशी हैत. आम्ही बंधाऱ्याच्या आकड्याची वाट बघत नाही. राधानगरी धरणाचा दरवाजा उघडला अशी बातमी आली की हलवायला सुरुवात. स्वयंचलित दरवाजा हाय, तो कुणाला विचारून उघडत नाही.

एक गोष्ट लिहून ठेवा. जाताना जनावर बांधून ठेवायचं नाही आणि गेटला कडी लावायची नाही. म्हस पोहती, कुत्रंबी पोहतं, दाव्याला बांधलेलं कुणी पोहत नाही. २००५ ला आमच्या शेजारी घाईत एका रेडकाचं दावं सोडायचं राहिलं. जास्त लिहीत नाही.

दुसरं, सवय. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं पळतात ते बघायला तुम्ही गर्दी करता. ते काय त्या दिवशी शिकवलेलं असतं व्हय? आधी कितीतरी दिवस रोज तीच गाडी, तोच आवाज, तीच वाट. तसं कुत्र्यांचं रोजचं खाणं आत्तापासनं उंचावर द्या. दर दोन दिवसांनी भांडं दहा पावलं वर सरकवा. पाणी येईल त्या दिवशी त्यांचे पाय आपोआप तिकडं वळतील.

आणि पिल्लांना वरचं दूध पाजू नका, हगवण लागती. दूध विकणारा माणूस सांगतोय.

मिसळ_कमी_तिखट | सोमवार, रात्री ११.२०

वाचतेय. तांबड्याचं वाचून जेवण गेलं नाही.

साधा_माणूस | मंगळवार, सकाळी ७.३५

सगळे गळा काढण्याआधी दुसरी बाजू लिहितो. शिव्या खायची तयारी आहे.

माझ्या मुलीला दीड वर्षापूर्वी चावलं. पोटरीला, दोन दात खोल. रोज खाऊ घालणारे चौघं होते, त्या दिवशी चौघंही म्हणाले 'ते आमचं नाही'. बिस्किटं घालताना आमचं, चावल्यावर महापालिकेचं. लसीच्या चार फेऱ्या मी एकट्यानं केल्या, एकानंही बरी आहे का म्हणून विचारलं नाही. पोरगी अजून क्लासला त्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालते.

त्या वहिनी चुकीच्या आहेत असं इथं कुणी लिहू नये. कुत्र्याचा राग मला नाही. खायला घालून हात झटकणाऱ्यांचा आहे.

पेठेतला_पैलवान | मंगळवार, सकाळी ८.०५

भावा, तुझं बरोबर हाय. पण २०२५ ला नांदणी मठाची महादेवी हत्तीण परत यावी म्हणून नांदणीपासनं कोल्हापूरपर्यंत चालत आलेली माणसं आपण. मीपण होतो, टाचेला फोड आले. एवढी माया हाय तर गल्लीतल्या पाच कुत्र्यांना जागा मिळू नये?

साधा_माणूस | मंगळवार, सकाळी ८.१२

हत्तीण कुणाच्या पोरीला चावली नव्हती.

पेठेतला_पैलवान | मंगळवार, सकाळी ८.१५

हे पण बरोबर हाय.

निवृत्त_सिस्टर | मंगळवार, दुपारी १.४०

३१ वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, म्हणून थोडं सांगते. मुलीच्या वडलांनी लस पूर्ण केली हे फार चांगलं केलं. दुसऱ्या सुईनंतर जखम वाळते आणि माणसं यायची बंद होतात, हा माझा अनुभव.

चावलं किंवा नखानं ओरबाडून रक्त आलं, तर आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. मग लगेच दवाखाना. चुना, हळद, मिरचीपूड काही भरायचं नाही. माझ्याकडं एक आजोबा पायात मिरची भरून आले होते, जखमेपेक्षा मिरचीनंच जास्त ओरडत होते. सरकारी दवाखान्यात कातडीत द्यायची लस ० (म्हणजे पहिल्या सुईचा दिवस), ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. जखम खोल असेल तर जखमेतच सीरम (लसीपेक्षा वेगळं, तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते विचारून घ्या. कुत्रं माहितीतलं असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं, पण त्यासाठी लस थांबवायची नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर हातात काही उरत नाही.

पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांनी पायाला चीर असेल तर उतरूच नये. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, उंदरांच्या मुतातनं येतो, कुत्र्यांनाही होतो आणि त्यांच्याकडनंही पसरतो. गोळ्या डॉक्टरला विचारून, मेडिकलवाल्याला विचारून नव्हे.

पुण्यात_अडकलेली | मंगळवार, दुपारी ३.१०

शुक्रवारपेठी दादा, धागा आवडला. वहिनींना एक सांगा, 'गाडी बोलवा आणि उचला' असं कायद्यानंच होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं कुत्रं धरायचं, निर्बीजीकरण आणि रेबीजची लस करायची आणि जिथून नेलं तिथंच परत सोडायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली सगळी कुत्री उचलायला सांगितलं होतं, ते २२ तारखेला बदललं: रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून बाकीची त्यांच्या जागी परत. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, स्टँड, स्टेशन यांच्यासाठी वेगळा आदेश आला, तिथली उचलली की तिथं परत सोडायची नाहीत.

पण त्याच नियमांत खाऊ घालणाऱ्यांनाही बांधून घेतलंय, ते आपण प्राणीप्रेमी सोयीनं विसरतो. जिन्याच्या तोंडाशी, पोरं खेळतात तिथं खाणं ठेवायचं नाही. जागा आणि वेळ ठरवून द्यायचं. आक्कांच्या जिन्याखाली भांडं आहे ना? तीच तर वहिनींच्या मुलाची वाट.

पेठेतला_पैलवान | मंगळवार, दुपारी ३.२५

दादा न्हाई, ताई हाय ती. कोल्हापुरातल्या बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात. पुण्यात राहून विसरलीस व्हय?

शुक्रवारपेठी | मंगळवार, दुपारी ४.००

लग्नात माझ्या नागपूरच्या जावेनं पण असंच विचारलं होतं. 'तुम्ही पुरुषासारखं का बोलता?' म्हटलं, आम्ही नाही, पुरुषच आमच्यासारखं बोलतात.

भांड्याचं मात्र टोचलं. खरं आहे. भांडं बरोबर दारात आहे आणि त्यात उरलंसुरलं मीच टाकतो. साधा_माणूस, तुमच्या मुलीचं वाचून मला आमचा ग्रुप आठवला. पोरगं पडलं त्या दिवशी पांढरीची बाजू घ्यायला मी चार मेसेज टाकले, गुडघा बघायला खाली गेलो नाही. दोन मजल्यांचं अंतर. आज जाऊन येतो.

आंबेवाडीकर | मंगळवार, रात्री ९.३०

दूधकट्टा यांचं भांडं सरकवायचं ऐकायला बरं वाटतं, पण वरच्या गल्लीतली कुत्री ह्यांना येऊ देतील का? हद्द असते. आमच्याकडं २०१९ ला खालच्या आळीतली कुत्री शाळेजवळ आली, तर वरच्यांनी त्यांना परत पाण्यात रेटलं. डोळ्यांनी बघितलंय.

आमच्याकडं बोट तिसऱ्या दिवशी आली. तोवर गुऱ्हाळाची काहील. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: गूळ आटवायची पसरट कढई, चार माणसं आरामात बसतील एवढी. पाण्यात घातली की तरंगते, पण वल्हं मारलं की पुढं न जाता जागच्या जागी गरगर फिरते. दोन्ही बाजूंनी एकेक जण छातीभर पाण्यात धरून ढकलतो तेव्हा सरळ जाते. एका खेपेला एक म्हातारी, दोन शेळ्या आणि कुत्री. मधेच कुत्रीनं शेळीकडं बघून अंग झाडलं, शेळी उठली, काहील कलली, आणि म्हातारीनं बसल्या जागेवरनं कुत्रीच्या तोंडात एक ठेवून दिली. पुढं सगळी गपगार. गाठोडं मांडीवर घेऊन म्हातारी अशी बसली होती जणू एसटीत खिडकीची जागा मिळालीय.

सांगायचं म्हणजे एका खेपेत वेगवेगळी जनावरं घेऊ नका. आणि कुत्र्यांसाठी दुसऱ्या गल्लीत जागा शोधण्यापेक्षा त्यांच्याच गल्लीतली उंच जागा बघा. गच्ची, माळवद, काहीही.

साधा_माणूस | मंगळवार, रात्री ९.५५

म्हातारी भारी.

पेठेतला_पैलवान | मंगळवार, रात्री १०.२०

धरायचं कसं ते सांगतो, २०२१ ला अकरा धरली. एक चावलं, चूक माझी होती, मागनं गेलो होतो. कुत्र्याला मागनं धरायचं नाही, आणि डोळ्यांत डोळे घालून पुढं पण जायचं नाही. बाजूनं जायचं, अंग चोरून, खाली बसत. खायला रोज घालणारा माणूस सोबत पाहिजेच, आमची ताकद तिथं काय कामाची नाही. जाड पोतं किंवा चादर डोक्यावर टाकली की निम्मं गार होतं. मग बँडेजपट्टी किंवा सुती ओढणीचा फास नाकाडावर, टोकं हनवटीखाली फुलीसारखी आणि कानामागं गाठ. धाप लागलेली असेल तर जास्त वेळ बांधून ठेवायचं नाही, कुत्र्याला गरमा तोंडातनंच सोडायचा असतो.

पिल्लांवालीचं सोपं हाय आणि अवघडपण. पिल्लं पाटीत घालायची, पाटी तिला दिसंल अशी खाली धरायची आणि हळू चालायचं. ती मागनं येती. फक्त पाटी आक्कांच्याच हातात द्या. दुसऱ्या कुणी उचलली तर ती पाटी सोडून माणूस धरंल.

पूर कमी झाल्यावर दिवसातनं एकदा कान, शेपटीचं बूड, पायाची बोटं बघायची. ओल्या जखमेत माशी बसली की दोन दिवसांत आळ्या. बारकं भोक दिसतं, आत बोट जाईल एवढी पोकळी. घरात चिमट्यानं कोरत बसू नका, डॉक्टरकडं न्या.

शुक्रवारपेठी | गुरुवार, रात्री ११.००

अपडेट देतो.

वहिनींकडं गेलो. हातात काही न्यावं म्हणून आंबोळ्या नेल्या. पहिली दहा मिनिटं त्यांनी मला सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. मग कळलं की त्या लहान असताना आजोळी पिसाळलेल्या कुत्र्यानं मामाला चावलं होतं. मामा गेले. नऊ वर्षं एकाच इमारतीत राहतो, मला हे माहीत नव्हतं.

काल संध्याकाळी वाड्याच्या चौकात बसलो. ग्रुपवर नाही, समोरासमोर. निवृत्त_सिस्टर यांचं लिहिणं मी मोठ्यानं वाचून दाखवलं, पंधरा मिनिटांवर सुप्रभात काकांनी शंका काढली, त्यांना गप्प केलं. वहिनींच्या अटी सरळ होत्या. भांडं जिन्यातनं हलवायचं. पाचही जणांना रेबीजची लस आधी, बाकी सगळं नंतर. पांढरीची पिल्लं दूध सोडून खायला लागली की ऑपरेशन, तारीख ठरवून. आणि कुणाला चावलं तर दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्यांना खाऊ घालणाऱ्यांपैकी एक जण सोबत जाणार. ही शेवटची अट मी साधा_माणूस यांच्यामुळं स्वतःच मांडली. तेव्हा वहिनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलल्या.

आक्का म्हणाल्या, भांडं हलवीन, पण रात्री आठच्या आत त्यांना भूक लागते. आठ ठरले.

जागा आंबेवाडीकर म्हणाले तशी, वाड्याची गच्ची. २०१९ चं पाणी आठव्या पायरीला थांबलं, जिना बावीस पायऱ्यांचा आहे. मालक पुण्याला, फोनवर हो म्हणाले, पण किल्ली त्यांच्याकडंही नाही. कुलूप गंजलेलं. तेल घातलं, हातोडी मारली, पैलवानांच्या ओळखीच्या पोरानं शेवटी कोयंडाच कापला. वर मागच्या पुरातली एक सतरंजी तशीच पडलेली होती, उचलली तर तिचे तुकडे हातात आले.

एक कागदही झाला. कुणाच्या घरी म्हातारं माणूस, कुणाला इन्सुलिन, कुणाचा फोन, कोण कुणाला उठवणार. तांबड्याचं नाव त्या यादीत आहे, समोर 'उचलून न्यावा लागतो' असं वहिनींच्या मुलानं लिहिलंय. त्याला अजून भीती वाटते, पण अक्षर चांगलं आहे म्हणून लिहायला तोच बसला.

पुण्यात_अडकलेली | शुक्रवार, सकाळी ९.१५

ताई (!), लस टोचली की कार्डावर कुत्र्याचा फोटो चिकटवा. शेरू आणि टायगर एकच आहे हे डॉक्टरला कळायला पाहिजे. ऑपरेशन झालेल्यांच्या कानाला खाच करतात, ती दिसली की पुन्हा धरत नाहीत.

साधा_माणूस | शुक्रवार, सकाळी १०.४०

फेऱ्यांची अट बघितली. ठीक केलंत. मी गल्लीत काही घालणार नाही, अजूनही नाही. पण आमच्या दुकानात जुन्या फ्लेक्सचा गठ्ठा आहे, गच्चीवर आडोशाला बांधायला चालेल. पाठवतो. छापलेली बाजू आत करा, नाहीतर नगरसेवकांचे हसरे चेहरे बघून कुत्री रात्रभर भुंकतील.

दूधकट्टा | शुक्रवार, दुपारी १२.३०

गच्चीवर पाण्याचं भांडं दोन ठेवा. भोवती सगळं पाणीच असतंय म्हणून प्यायचं ठेवायचं लोक विसरतात.

शुक्रवारपेठी | १२ दिवसांनी, रात्री ९.४५

लस झाली पाचही जणांची. काळ्यानं डॉक्टरांची पिशवी पळवली, मिळाली.

आज आठच्या ठोक्याला रंगीत तालीम केली. भांडं रोज दोन-दोन पायऱ्या वर सरकवत आणलं होतं, आज पहिल्यांदा थेट गच्चीत. शेरू-टायगर आणि त्याचा भाऊ धावत गेले. पांढरी चौदाव्या पायरीला थांबून खाली पिल्लांकडं बघत राहिली, मग आक्का पाटी घेऊन चढायला लागल्या, गुडघे धरत, दर चार पायऱ्यांना बसत. ती प्रत्येक वेळी त्यांच्यासोबत बसली.

तांबड्या मात्र नवव्या पायरीपर्यंत स्वतः चढला आणि तिथं बसला. बोलावलं, बिस्किट दाखवलं, हलला नाही. वहिनी खालनं बघत होत्या. म्हणाल्या, 'तो तिथंच थांबणार, त्याला तेवढंच माहीत आहे.' पैलवान आज नव्हते, त्यामुळं मी आणि वहिनींचे मिस्टर असं दोघांनी चादरीच्या झोळीत घालून वर नेला. अठ्ठावीस किलोच्या आसपास असेल, वास वेगळा.

बाहेर पाऊस सुरू झालाय. बंधाऱ्यावर अजून काही नाही.

पेठेतला_पैलवान | १२ दिवसांनी, रात्री १०.०५

आज मुंबईला होतो. उद्यापासनं आठला येतो, म्हाताऱ्याला मी नेतो. चादर धुऊन ठेवा.